चंद्रीचं शेण कुणाच्या घरात

साडेदहा वाजून गेले तरी चंद्री शेण टाकायचं नाव घेत नव्हती.

शाळेच्या मैदानाच्या मधोमध ती उभी होती. खाली फक्कीनं आखलेली एकशे वीस घरं, प्रत्येक घरात ठसठशीत आकडा, चारी बाजूंनी दोरी, आणि दोरीच्या पलीकडं चिंचेच्या सावलीत अख्खी घोटणेवाडी. दोनशे माणसांचे डोळे एका म्हशीच्या शेपटीला चिकटलेले. चंद्री आपली निवांत रवंथ करत होती. मधूनच शेपटी उचलून माशी मारायची. शेपटी उचलली की सावलीतनं "आऽऽऽ" असा आवाज उठायचा, आणि शेपटी खाली आली की तो आवाजही खाली बसायचा. सकाळी आठपासून हेच चाललं होतं.

"शालनताई," चौगले गुरुजी हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सकाळी हिला काही खायला घातलंत ना?"

"दुप्पट घातलंय गुरुजी. हिरवी वैरण, वर पेंड."

"मग अडलंय कुठं?"

"आता ते तिलाच इचारा."

गुरुजींनी खरोखरच म्हशीकडं असं बघितलं, की आता वर्गातल्या पोराला विचारतात तसं विचारतील. मग घाम पुसत परत खुर्चीकडं गेले. त्यांच्या मागं भिंतीला फळा टेकवला होता. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'दुपारी बाराच्या आत म्हशीने शेण न टाकल्यास सर्वांचे पैसे परत.'

ती ओळ वाचून वाचून मला पाठ झाली होती.

हे सगळं झेंगट मीच गावाच्या गळ्यात बांधलं होतं, तेव्हा कशासाठी बांधलं ते आधी सांगते.

आमच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंत. आठवीला खालच्या गावी जायचं तर मधे खिंड, आणि खिंडीत गवे. आदल्याच वर्षी एका सायकलवाल्याला गव्यानं उडवलं होतं, त्याचा पाय कायमचा गेला. माझी सारिका त्या उन्हाळ्यात सातवी झाली. आमचे हे, म्हणजे आनंदा, माणूस वाईट नाही. पण एकदा बोलला की दगडावरची रेघ. त्यांनी सांगितलं, "वाडीत आठवी झाली तर शिकू दे. न्हाई झाली तर बसू दे घरात. खिंडीतनं मी पोर धाडणार न्हाई." आणि माझी सासू, तिला आम्ही आत्ती म्हणायचो, ती चुलीपुढनं म्हणाली, "पोरीच्या जातीला सातवी काय कमी झाली?"

मी स्वतः सातवीला केंद्रात पहिली आलेली. त्यानंतर माझ्या हातात पुस्तक आलं ते सारिकाचं. तेव्हा त्या दोघांची ती वाक्यं मला कशी लागली असतील ते मी काही वेगळं सांगत बसत नाही.

तालुक्याचे साहेब म्हणाले होते, आठवीचा वर्ग देतो, पण जूनच्या पंधरा तारखेला छप्पर असलेली खोली दाखवा, नाहीतर वर्ग दुसऱ्या गावाला जाईल. गावानं श्रमदानानं भिंती उभ्या केल्या. पत्र्यांपाशी येऊन गाडं अडलं. वर्गणी मागायला गेलं की प्रत्येकाला नेमकं रानात जायचं असायचं.

आणि एक दिवस आमच्या अंगणात सारिका आणि धनगराची बानू ठिकरी खेळत होत्या. चंद्री पाण्याहून परतली, ठिकरीच्या आखलेल्या घरांतनं डुलत डुलत गेली आणि जाता जाता एका घरात शेण टाकून गेली. बानू टाळ्या वाजवत ओरडली, "माझ्या घरात पडलं! मी जिकली!" दोघी हसून हसून जमिनीवर लोळल्या. मी दारात उभी होते. माझ्या डोक्यात तिथंच दिवा लागला.

मैदानावर घरं आखायची. वाडीतल्या प्रत्येक घरानं मैदानातलं एक तरी घर विकत घ्यायचं. म्हैस सोडायची. शेण ज्याच्या घरात पडेल, त्याला बक्षीस. गुरुजींना सांगितलं तर ते आधी हसले, मग म्हणाले, "शालनताई, हे होईल बरं का." बानूच्या बापानं, मायाप्पानं, आपली गाभण शेळी बक्षिसाला दिली. वर्गणी मागताना ज्यांना रानात जायचं असायचं, ते आता दोन दोन घरं मागायला लागले.

म्हशीवरनं मात्र पंचाईत झाली. दुभती म्हैस दोनशे माणसांच्या नजरेपुढं उभी करायला कोण तयार होतं? दृष्ट लागली, दूध आटलं तर? सगळ्यांनी हात वर केले. राहिली आमची चंद्री. आत्तीला विचारायला मी दोनदा गोठ्यापर्यंत जाऊन परत आले, कारण चंद्री आत्तीची. तिच्या हाताशिवाय पान्हा सोडायची नाही. आत्तीनं आधी चंद्रीच्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणाली, "म्हस दीन. पर म्हशीसंगं मी ऱ्हाणार. दोरीच्या आत."

असं सगळं जमलं, आणि तेवढ्यात खोत तात्या आडवे आले.

ज्ञानू खोत म्हणजे वाडीतलं मोठं प्रस्थ. कुणाच्या घरी पोरगं झालं तरी हा माणूस आधी संशय घेणार आणि मग पेढा खाणार. त्यांनी स्वतः चार घरं घेतली आणि देवळापुढं सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हस आनंदाची. डोस्कं आनंदाच्या बायकोचं. मग शेळी कुणाच्या दारात जाणार हे काय सांगाय पायजे व्हय? ह्यांनी म्हशीला शिकवून ठेवली असंल. त्यांच्या घरात शेण पडलं तर मी एक पत्रा चढू दिणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो." आणि चारदोन माना हलल्याही. बाराची अट त्यांनीच घातली. गुरुजी बिचारे भांडणाला भितात, त्यांनी ती फळ्यावर लिहूनही टाकली.

मी तर आमचं घर घ्यायचंच नाही म्हणत होते. पण गुरुजी म्हणाले, "ताई, तुम्हीच घेतलं नाही तर लोक म्हणतील, हिलाच भरवसा नाही." म्हणून चिठ्ठी उचलली. अकरा नंबर आला, ओढ्याकडच्या पहिल्या ओळीत.

म्हणजे बघा, मला दोन्हीकडनं धाक. चंद्रीनं शेण टाकलं नाही तर पैसे परत, आणि टाकलं ते आमच्याच घरात टाकलं तर गाव पेटणार. एकशे वीसांतलं एक घर सोडून कुठंही टाक बाई, पण टाक. ज्योतिबाला मी नारळ बोलले होते. आता दोन बोलले.

अकरा वाजले. ऊन चढलं. सावलीतली माणसं सावलीबरोबर सरकत चिंचेच्या बुंध्याला चिकटली. बाया उठायला लागल्या. कुणाची चूल, कुणाचं तान्हं. एकीनं जाताना म्हटलंच, "शालन, तुझ्या म्हशीला लाज वाटतीया गं." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

आमचे हे लांब नळापाशी उभे होते. माझ्याकडं बघत नव्हते. नवऱ्याचं बघणं एक वेळ सोसतं. न बघणं नाही सोसत.

आणि बिनछपराच्या खोलीच्या भिंतीवर सारिका आणि बानू बसल्या होत्या. सकाळी दोघी पाय हलवत, गाणी म्हणत होत्या. आता त्यांचे पाय हलायचे थांबले होते.

दोरीच्या आत, ओढ्याकडच्या बाजूला, भर उन्हात आत्ती एकटीच बसली होती. डोक्यावर पदर, शेजारी शेणाची पाटी. सकाळी निघताना मी म्हटलं होतं, "आत्ती, आज पाटी कशाला? लोक हसतील." तर म्हणाली, "म्हशीमागं रिकाम्या हातानं जात्यात व्हय?" तिच्या बाजूला दुसरं कुणी फिरकलंही नव्हतं. तिकडं ना झाड, ना आडोसा.

साडेअकराच्या सुमाराला चंद्री हलली. ओढ्याच्या पाण्याचा वास आला असावा. एक एक घर ओलांडत ती आत्तीच्या दिशेनं निघाली, ती दोरीपाशी जाऊन थांबली. आत्तीनं तोंडानं च्यक् च्यक् केलं. चंद्री वळली आणि तोंड आमच्याकडं करून परत दगडासारखी उभी राहिली. तोंड आमच्याकडं, शेपूट ओढ्याकडं.

तेवढ्यात खोत तात्या खिशातलं घड्याळ काढत माझ्यापुढं आले.

"शालन, वीस मिंटं ऱ्हायली. गुरुजीस्नी म्हणावं, पैशाचा डबा काढा."

"वीस मिंटं हाईत न्हवं तात्या? मग बसा की वीस मिंटं."

"बसून काय हुतंय? म्हशीच्या मनात न्हाई. तिला तेवढी अक्कल हाय."

"तुम्हाला नेमकं काय पायजे तात्या? शेण पडावं का पडू ने?"

"मला न्याव पायजे."

"न्याव पायजे, तर चार घरं कशाला घेतलीसा?"

तात्यांचा चेहरा लाल झाला. वयानं बापासारखा माणूस, आणि मी सगळ्यांसमोर तोंड सोडलेलं. ते काहीतरी बोलायला गेले आणि त्याच क्षणाला सावलीतनं जो गलका उठला, तसा गलका मी वाडीत कधी ऐकला नव्हता.

"टाकलं! टाकलं रं! टाकलं!"

मी वळले. तोवर माणसांनी दोरी तोडली होती. पोरं, बाप्ये, बाया, सगळे एकाच दिशेनं धावत सुटले. चंद्री बुजली, बाजूला उधळली. फक्कीचा आणि धुळीचा असा लोट उठला की काही दिसेना. मी पदर नाकाला लावून वाट काढत पुढं घुसले. "सरका, सरका, तुडवू नका," असं गुरुजी मागनं ओरडत होते.

धूळ बसली. मधे आत्ती उभी होती. काखेत पाटी. पाटीत शेण, ताजं, वाफाळतं. खाली जमीन कोरडी ठाक. बायका शेण उचलून झाल्यावर वर मूठभर माती टाकून हातानं पुसून घेतात ना, तशी पुसून घेतलेली. डागसुद्धा नाही.

मग गुरुजी घाबऱ्या आवाजात म्हणाले, "मावशी... शेण?"

"हे काय की," आत्ती म्हणाली, आणि पाटी पुढं केली.

"अहो पण, पडलं कुठं होतं?"

"भुईवर."

मागनं कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या मात्र लगेच ध्यानात आलं. म्हैस तोंड आमच्याकडं करून उभी, सगळं गाव सावलीत, त्यामुळं शेण पडताना नीट कुणीच पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असेल ते आत्तीनं एकटीनं. आणि तिनं ते जन्माच्या सवयीनं उचलून पाटीत घातलं होतं.

"नवात पडलं!" खोत तात्या गरजले. "माझं घर! मी बघितलंय!"

"तुम्ही शालनवैनीसंगं भांडत हुता तात्या," कुणीतरी म्हणालं. "दहात पडलं. आमचं घर."

"बारात! बारात! म्हशीचा पाय बारात हुता."

फक्कीच्या रेघा पायांखाली गेलेल्या. कोण कुठल्या घरात उभा आहे तेच कळेना. एकानं दुसऱ्याच्या छातीला हात लावला. मायाप्पा मधे पडला. गुरुजी आत्तीला परत परत विचारत होते, "मावशी, आठवा. आकडा कुठला होता?"

"मला आकडं वाचाय येत्यात व्हय गुरुजी? शेण दिसलं, उचललं. पडू दिऊ व्हय?"

तेव्हा माझा तोल गेला. पहाटेपासून टांगणीला लागलेला जीव, फळ्यावरची ती ओळ, भिंतीवर बसलेली पोरगी, आणि 'सातवी काय कमी झाली', सगळं एकदम तोंडाला आलं. गावादेखत, दिरांदेखत, नवऱ्यादेखत मी सासूवर ओरडले, "आत्ती, तुमची अक्कल कुठं गेली हुती? जल्मभर शेणात हात घालून डोस्क्यातबी शेणच भरलंय का?"

"शालन!" आमचे हे नळाकडनं धावत आले.

सुनेनं सासूला असं बोललेलं आमच्या वाडीत तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं. मला माझीच शरम वाटली, पण शब्द सुटला तो सुटला. आत्ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती जरा बावळटासारखीच दिसत होती, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

खोत तात्यांना तेवढंच पाहिजे होतं. "बघा, सुनंचं म्हणणं बी त्येच हाय! सगळा इस्कोट झाला. आता बारा वाजत्यात. गुरुजी, पैशे परत!"

"परत का म्हणून?" आत्ती म्हणाली.

"का म्हणून म्हंजी? फळ्यावर काय लिवलंय?"

"मला कुठं वाचाय येतंय. तुम्हीच सांगा, काय लिवलंय?"

"बाराच्या आत शेण न्हाई टाकलं, तर पैशे परत!"

आत्तीनं पाटी तात्यांच्या नाकाखाली धरली. "मग हे काय हाय? टाकलंय का न्हाई? इस्वास नसंल तर वास घ्या."

आणि काय सांगू, सगळं मैदान फुटलं. मघाशी एकमेकांच्या छातीला हात लावणारे आता एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून हसत होते. मायाप्पा तर खाली बसला. खोत तात्या पाटीपासनं दोन पावलं मागं सरकले, तसा हशा आणखी वाढला. गुरुजींच्या अंगात कुठनं बळ आलं कोण जाणे, त्यांनी टेबलावर छडी आपटली. "शेण बाराच्या आत पडलं आहे, हे सर्वांना मान्य?" "मान्य!" "तर पैसे परत करण्याचा प्रश्न मिटला. घर कुठलं ते ठरलं नाही, म्हणून म्हैस पुन्हा सोडायची. या वेळी वेळेची अट नाही. आणि मावशींनी पाटी माझ्याकडं द्यायची."

रेघा परत आखल्या. लोक घरी जाऊन जेवून आले, भाकरी बांधून घेऊन आले. ऐन उन्हात जत्रा भरल्यासारखं झालं. तीनच्या पुढं चंद्रीनं शेण टाकलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकशे सतरा नंबरात. घर कुणाचं? खोत तात्यांचं! त्यांनी शेळी खांद्यावर टाकली, गुलाल लावून घेतला, आणि पुढं वर्षभर ज्याला त्याला सांगत सुटले, "आमच्या वाडीसारखा चोख कारभार तालुक्यात दुसरीकडं न्हाई."

जूनच्या दहा तारखेला पत्रे चढले. पंधराला साहेब आले, वर बघितलं, मान हलवली. सारिका आठवीत बसली. पुढं दहावी झाली, नर्सिंग केलं, आता कराडला एका दवाखान्यात आहे.

आत्तीची मी माफी मागितली नाही. त्या रात्री ह्यांनी मला बजावलं होतं, "आईच्या पाया पड." मी गेलेही, पण आत्ती गोठ्यात चंद्रीची दृष्ट काढत होती, आणि मी दारातनंच परत फिरले. दुसऱ्या दिवसापासनं ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलायला लागली, म्हणून मीही विषय सोडून दिला.

नुसता सोडला असता तर बरं झालं असतं. पण मी त्याची गोष्ट केली. सांगायला मला आवडतं, आणि ही गोष्ट सांगितली की लोक हसायचेच. लग्नात, बारशात, रानात, "शालनवैनी, ती शेणाची गोष्ट सांगा की," म्हणायचा अवकाश. आत्ती पाटी कशी पुढं करते, "भुईवर" कसं म्हणते, मी तिची अक्कल कशी काढते, सगळं हातवारे करून. आत्ती तिथंच बसलेली असायची. पदर तोंडाला लावून तीही हसायची.

सारिकाचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही भुईमुगाच्या शेंगा तोडत होतो. भावकीतली एक नवी सून आली होती, तिला म्हणून बायकांनी मला गोष्ट सांगायला लावली. मला चेव चढला. शेवटी मी म्हणाले, "आत्तीचं असंच. हात आपसूक चालत्यात, डोस्कं कधी चालतच न्हाई." नवी सून लाजत लाजत हसली.

दिवस कलताना आम्ही दोघी वेलांचे भारे घेऊन घराकडं निघालो. आत्ती पुढं, मी मागं. बरंच चालल्यावर ती मागं न बघता म्हणाली, "शालन, नऊ बी न्हवतं, दहा बी न्हवतं."

"काय?"

"अकरा हुतं. आपल्याच घरात पडलं हुतं."

मी थांबले. डोक्यावरचा भारा सरकला, तो मी कसाबसा धरला. "तुम्हाला आकडं कुठं येत्यात आत्ती?"

"अकरा येतो. सारिकानं आदल्या दिशी मातीत काढून दावला हुता. आज्जी, दोन पळ्या शेजारी शेजारी टांगलेल्या दिसल्या की ते आपलं घर, म्हणाली. मी बसल्या बसल्या बघतच हुते त्या पळ्यांकडं. म्हस फिरली, आणि बरूबर त्यांच्यावरच."

"आणि मग?"

"मग काय? खोत तर टपूनच बसलेला. गाव उठलं असतं. खोली ऱ्हायली असती. उचललं, माती टाकली, पुसलं. पळ्या बी पुसल्या."

पाटी पुढं करणं, "इस्वास नसंल तर वास घ्या," ते बावळट तोंड, सगळं मला एकामागनं एक दिसायला लागलं. इतकी वर्षं मी ते लोकांना करून दाखवत होते, आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

"पण तुम्हीच म्हणाला हुतासा, पोरीला सातवी काय कमी झाली."

"म्हणाले हुते की." ती दोन पावलं गेली. "पर ती भिंतीवर बसली हुती बघ, पाय न हालवता. मला बघवंना. तुझीच हाय व्हय ती एकटीची?"

"मला सांगायचं हुतंसा आत्ती. त्याच दिशी सांगायचं हुतंसा."

"तुला? तू पळत जाऊन गुरुजीस्नी खरं सांगून आली असतीस."

ते खरं होतं. मी तसंच केलं असतं.

"मग आजच का सांगितलंसा?"

आत्तीनं डोक्यावरचा भारा नीट केला. मग म्हणाली, "अक्कल काढलीस ती काढलीस. त्याचं मला कवाच काय वाटलं न्हाई. पर आज त्या नव्या पोरीम्होरं म्हणालीस, डोस्कं कधी चालतच न्हाई. तेवढं लागलं."

मी भारा तिथंच टाकला आणि वाटेत तिच्या पाया पडले. मला रडू आवरेना. ती घाबरून इकडं तिकडं बघायला लागली. "ऊठ, ऊठ. लोक बघत्यात. आणि कुणाजवळ बोलू नगं हे. खोत अजून जित्ता हाय, शेळी परत आणून बांधायचा दारात." आता खोत तात्या गेले, आत्तीही गेली, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी शेंगा तोडायला बसलो. काल न आलेल्या दोघीतिघी होत्या. नवी सूनच मला म्हणाली, "आत्याबाई, ह्यास्नी बी सांगा की ती कालची गोष्ट."

मी आत्तीकडं बघितलं. ती वेल झटकत होती. "सांग की," वर न बघता म्हणाली. "थांबलीस का?"

मी सांगायला लागले. अक्कल काढायची जागा आली आणि माझा आवाजच फुटेना. बायका वाट बघत राहिल्या. तेव्हा आत्तीनं हातातला वेल खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि हुबेहूब माझ्या आवाजात ते वाक्य म्हणून दाखवलं, आणि बायका पोट धरून हसल्या.